मीटर बंद, गाडी चालू

माझ्या गाडीचं मीटर ३८,४१२ वर थांबलं, त्याला यंदा सहा वर्षं झाली. फाट्यावरून गावाकडं वळलं की पहिल्या नाल्याच्या रपट्यावर एक खड्डा आहे. दर उन्हाळ्यात त्यात मुरूम पडतो आणि दर पावसाळ्यात तो मुरूम नाल्यात जातो. तिथं एकदा गाडी अशी आदळली की केबल तुटली, काटा शून्यावर आला आणि आकडे जागच्या जागी बसले. मिस्त्री म्हणाला, "दीडशाची केबल हाय, टाकून देऊ का?" म्हटलं, पुढच्या खेपेला टाक. ती खेप यायचीच राहिली.

यात मी एकटा नाही. परवा ग्रामपंचायतीसमोर बसलेल्या पाच-सहा जणांना विचारलं, तर चालू मीटरवाला एकच निघाला. त्याच्या गाडीच्या सीटचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

मीटर बंद असल्यानं कुणाचं काही अडत नाही, कारण आम्ही अंतर पेट्रोलनं मोजतो. शंभराच्या पेट्रोलात तालुक्याची जाऊन-येऊन एक फेरी होते, वर शेताची एखादी चक्कर. तालुका अठरा किलोमीटर, असं दगडावर लिहिलेलं आहे. पण घरातून निघताना 'छत्तीस किलोमीटर जायचंय' असं कुणी म्हणत नाही. 'शंभराचं टाकलं का?' असं विचारतात. गाडी रिझर्व्हला लागली की अंतर संपलं.

दिवाळीत भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत असतो, ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडला. नवी चार्जिंगवाली कार घेतली म्हणून व्हिडिओवर दाखवत होता. बोलता बोलता म्हणाला, "मामा, पेट्रोल लागत नाही, पण मैलाचा कर लागतो."

मला आधी वाटलं टोल म्हणतोय. तसं नव्हतं. पेट्रोलवर कर बसवून रस्ते करण्याची अमेरिकेतली पहिली सुरुवात ओरेगॉननंच केली, १९१९ साली. पुढं गाड्या कमी पेट्रोल पिऊ लागल्या, काही तर पिईनाशाच झाल्या. त्यांच्या केंद्राचा गॅलनमागचा १८.४ सेंटचा कर १९९३ पासून जागचा हललेला नाही. रस्ते मात्र झिजायचे तेवढे झिजतातच. म्हणून १ जुलै २०१५ पासून त्या राज्यानं एक ऐच्छिक योजना काढली, जेवढे मैल तेवढा कर. सुरुवातीला मैलाला दीड सेंट होता, मग दोन सेंट झाला. चार्जिंगवाल्या गाडीला तिथं नोंदणीची फी जास्त पडते आणि या योजनेत शिरलं की ती कमी होते, म्हणून आमचा भाचा शिरला. गाडीत एक यंत्र खोचलेलं असतं, ते मैल मोजून कळवतं.

मी म्हटलं, "आमच्याकडं हे आलं तं सरकारले पहिले घरोघरी केबल वाटा लागन." तो हसला, फोन ठेवला. माझ्या डोक्यातून मात्र ते मैल जाईनात.

श्रावणात आमच्या तालुक्याच्या पंपावर जाऊन पाहा. रांगेत कितीतरी माणसं गाडीशिवाय उभी असतात, हातात पाच लिटरची कॅन. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी सुरू असते आणि पाठीवरच्या पंपाला पेट्रोल लागतं. पंपावर जायला वेळ नसला तर गावातल्या किराणा दुकानात पाण्याच्या बाटलीत मिळतं, दहा-पंधरा रुपये जास्त देऊन. हे पेट्रोल आयुष्यात रस्ता पाहत नाही. म्हणजे पाहतं, पंपापासून शेताच्या धुऱ्यापर्यंत, कॅरिअरला बांधलेलं. पण जळतं ते शेताच्या तासात, पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या मधे. तरी त्याच्यावर रस्त्याचा उपकर लागलेला असतोच.

ही रीत पडली तेव्हा तिच्यात खोट नव्हती. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला समिती बसली. मोटारी वाढत होत्या आणि रस्त्यांना पैसा नव्हता. समितीनं पेट्रोलवर जादा कर सुचवला. १९२९ मध्ये गॅलनला दोन आणे बसले आणि त्यातून केंद्राचा रस्ते निधी उभा राहिला. तेव्हा पेट्रोल जाळणारा म्हणजे मोटारवाला, आणि मोटारवाला म्हणजे रस्त्यावरचा. शेतात बैल होते. ते कडबा खात, ढेप खात, आणि ढेपेवर रस्त्याचा कर नव्हता. पुढं १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते आपल्या नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा ठरला. त्याला नावच 'नागपूर आराखडा' पडलं. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, गावचे रस्ते, अशी उतरंड तिथं लागली. माझ्या शेताकडं जाणारी पांदण मात्र त्या उतरंडीतल्या कुठल्याही मडक्यात बसत नाही.

बैल गेले. आता पाच एकरांत एकदा रोटाव्हेटर मारायचा म्हटलं तर वीस-बावीस लिटर डिझेल जातं. लिटरमागे केंद्र आणि राज्य मिळून तीस-पस्तीस रुपये कर धरला तर सहाशे ते पावणेआठशे रुपये झाले, तेही ट्रॅक्टर रस्त्यावर न येता. ट्रॅक्टरवाला ते भाड्यात धरतो. आम्ही देतो. पावती कुणाजवळच नाही. २०१५ मध्ये राज्यानं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये चढवले होते. दुष्काळ ज्यांच्या डोक्यावर होता, त्यांच्या हातातल्या कॅनमध्येही ते दोन रुपये होते. याची मला अजूनही मौज वाटते. राग येण्याएवढी उमेद तेव्हा नव्हती.

न्यूझीलंडवाल्यांनी यातली मेख फार आधी ओळखली. डिझेल शेतात, बोटीत, यंत्रात बरंच जळतं, म्हणून तिथं डिझेलवर रस्त्याचा कर लावतच नाहीत. डिझेलगाडी रस्त्यावर आणणारा हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घेतो, आणि गाडी जड तर दर जास्त. हे तिथं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू आहे. एप्रिल २०२४ पासून चार्जिंगवाल्या गाड्याही त्यात घेतल्या. हे वाचलं तेव्हा मी पक्का किलोमीटरवाला झालो होतो. मीटर बंद असलेला किलोमीटरवाला.

पण बोलायचं तर दुसऱ्या बाजूनंही बोललं पाहिजे. फाट्यापासून गावापर्यंतचा आमचा चार किलोमीटरचा डांबरी रस्ता ग्रामसडक योजनेचा. ती योजना २००० सालची आणि तिला पैसा मिळाला तो डिझेलवरच्या उपकरातून. त्याआधी पावसाळ्यात आमच्या गावात बंडीशिवाय काही येत नव्हतं. माझ्या आत्याला बाळंतपणासाठी बंडीतूनच फाट्यावर नेलं होतं, चिखलात चाक रुतलं तर खांदा द्यायला चौघे सोबत. तेव्हा कुणाच्या तरी रोटाव्हेटरचं डिझेल आमच्या रस्त्यात मुरलेलं आहे, हे खरंच.

एका रात्री लाईन गेली होती, झोप येत नव्हती, मोबाईलवर हिशेब मांडला. एप्रिल २०२५ मध्ये पेट्रोलवरचा केंद्राचा कर दोन रुपयांनी वाढून २१ रुपये ९० पैसे झाला. वर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, त्यावर लिटरमागे ठरीव रक्कम वेगळी. सगळं मिळून लिटरला पंचेचाळीस-पन्नासच्या घरात जातं. माझी गाडी चांगल्या रस्त्यावर पन्नासचं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला रुपया, थोडा कमीच. मग पोर्टलंडचे दोन सेंट रुपयात आणि मैल किलोमीटरमध्ये करून पाहिले. किलोमीटरला रुपया, थोडा जास्त. दोनदा करून पाहिलं, तेवढंच आलं. भाच्याच्या दीड-दोन टनांच्या कारला तिथं किलोमीटरमागे जेवढा कर पडतो, तेवढाच जवळपास माझ्या या दीडशे किलोच्याही आतल्या गाडीला इथं पडतो. आणि भाच्याचा पगार माझ्या किती पट, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

अर्थात आपल्याकडचा पेट्रोलवरचा सगळा कर काही रस्त्यावर जात नाही. पगार, पेन्शन, योजना, कर्जाचं व्याज, सगळ्यांचं भांडं त्याच नळाखाली. म्हणून तर मला शंका येते. किलोमीटरचा कर आला की पेट्रोलचा जाईल, असं पोर्टलंडला होत असेल. तिथं मैलाचा कर भरणाऱ्याला राज्याच्या पेट्रोलकराची वजावट मिळते. आमच्याकडं नवी सून आली म्हणून सासू काही घर सोडत नाही.

शिवाय मघाचं पन्नासचं ॲव्हरेज चांगल्या रस्त्यावरचं. आमच्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, ब्रेक मारत, बाजूच्या मुरमावर उतरत जाते. ॲव्हरेज चाळीसवर येतं आणि किलोमीटरमागचा कर सव्वा रुपयाकडं सरकतो. म्हणजे रस्ता जेवढा फुटका, तेवढा आम्ही सरकारला जास्त देतो. खड्ड्याचा कर म्हणा ना. किलोमीटरचा हिशेब निदान इतका निर्दय नाही. त्याला खड्डा दिसत नाही, पण खड्ड्याचे वेगळे पैसेही तो मागत नाही.

हा खड्डा करतं कोण? दुचाकीनं रस्ता फुटत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवून पाहिले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळापट होते. आमच्याकडं खाली काळी माती, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वरून रात्री दोन वाजता नदीकडून रेतीचे हायवा डंपर येतात, ताडपत्री न टाकता, पाणी गळत. वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांचं तर बोलायलाच नको. २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरांच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. टन-दीड टनाचाच फरक, पण सोळापटीच्या त्याच हिशेबानं झीज दीडपटीच्या वर जाते. आणि ही झाली कायद्यातली वजनं. किलोमीटर मोजायचेच असतील तर न्यूझीलंडसारखे वजनासकट मोजा. नुसते किलोमीटर मोजले तर माझा आणि हायवाचा किलोमीटर सारखाच लांब भरायचा.

भाच्याकडच्या काही लोकांना त्या यंत्राची भीती वाटते म्हणे. सरकारला आपण कुठं जातो ते कळेल. उपग्रहाशी जोडलेलं यंत्र घेतलं तर खासगी रस्त्यावरचे आणि राज्याबाहेरचे मैल वजा होतात. तसलं नको असेल तर साधं यंत्र मिळतं, पण मग सगळेच मैल मोजले जातात. म्हणजे माझी पांदण करातून सोडवायची तर मी रोज पांदणीत होतो हे सरकारला कळलं पाहिजे. कळू दे. फाट्यावरच्या चहावाल्याला कळतंच. असल्या यंत्राची खरी धास्ती आमच्याकडं फक्त रात्री दोनच्या हायवाला वाटेल.

माझा मोठा चुलतभाऊ काळी-पिवळी चालवतो. तालुका ते फाटा, आणि माणसं भरली की गावापर्यंत. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मले किलोमीटरचं काय सांगतं? मी तं जन्मभर टप्प्यावरच जगून रायलो." खरंच की. एसटीचं भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं, त्याच्यात साडेसतरा टक्के प्रवासी कर असतो, आणि काळी-पिवळीवाले आपलं भाडं त्याच टप्प्याकडं पाहून ठरवतात. म्हणजे बाजाराला एसटीनं जाणारी बाई कधीचीच अंतरावर कर भरते आहे. मार्च २०२३ पासून तिला अर्धं तिकीट झालं, तेवढाच आराम. समृद्धीवरही किलोमीटरचाच हिशेब आहे, कारला सुरुवातीला १ रुपया ७३ पैसे होता. पण तिथं आमच्या दुचाकीला आणि ट्रॅक्टरला शिरूच देत नाहीत.

भाऊ पुढं म्हणाला, "बरं, मी फाट्यावरून दहा मानसं घेऊन गेलो (परवान्यावर किती लिहिलेत ते मी इथं लिहीत नाही) आन् तो कारवाला एकटाच गेला. किलोमीटर दोघाचेबी चौदा. मंग ते किलोमीटर कोनाचे? माहे का त्या दहाचे?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही पुरतं सुचलेलं नाही. पण तेव्हापासून मी दुसऱ्यांचे किलोमीटर मोजायला लागलो.

माझ्या काकाचे मोजले. काकाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. आमच्यापासून अठ्ठावन्न किलोमीटर, जाऊन-येऊन एकशे सोळा. आठवड्याचे दोनशे बत्तीस, वर्षाचे बारा हजारांवर. ते भाऊच्याच जीपनं जातात, मागच्या सीटवर आडवे, काकू पायथ्याशी. येताना काका बोलत नाहीत, नुसते खिडकीबाहेर पाहतात. एकदा मी सोबत होतो. रपट्याशी गाडी हळू झाली तसे म्हणाले, "आलं काय गाव?" डोळे मिटलेलेच होते. गाव अंगाला कळतं, खड्ड्यावरून.

हे बारा हजार किलोमीटर काकांचे म्हणायचे का? फिरायची त्यांना कधी हौस नव्हती. पंढरपूरलासुद्धा एकदाच गेले. ते यंत्र जिल्ह्याच्या गावी आहे आणि आमच्या तालुक्यात नाही, म्हणून हे अंतर तयार झालं. तसंच माझं. फाट्यावरच्या गावात बँकेची एक शाखा होती, पायी गेलं तरी चालायचं. ती तालुक्याच्या शाखेत मिळवली. त्या दिवसापासून माझ्या दर फेरीत अठ्ठावीस किलोमीटर वाढले. मी बसलो होतो तिथंच बसलो होतो, बँक उठून गेली. मग त्या अठ्ठावीसचा कर कुणी भरायचा?

पोर्टलंडला मैलावर कर आला की माणूस विचार करत असेल, हा मैल टाळता येतो का, बसनं जावं का, सायकल काढावी का. आमच्याकडं टाळायचं काय? बी-बियाणं, सातबारा, मुलीचं कॉलेज, दवाखाना, सगळं रस्त्याच्या त्या टोकाला. हेही खरं, की पेट्रोलच्या करातून आम्ही या अंतराचे पैसे आजही भरतोच. पण ते पेट्रोलच्या वासात विरघळून जातात. किलोमीटरचं बिल आलं तर त्याच्यावर छापून येईल, बारा हजार. ते बिल काकांच्या नावानं निघण्यापेक्षा आरोग्य खात्याच्या नावानं निघावं, असं मला फार वाटतं. हा माझा भाबडेपणा असेल.

एक गोष्ट मात्र पेट्रोलच्या बाजूची आहे आणि ती मला शेवटपर्यंत खोडता आली नाही. पेट्रोलचा कर पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रुपयांत जातो. खिशात असेल तेव्हा टाकतो, नसेल तेव्हा गाडी उभी. किलोमीटरचं बिल एकरकमी येईल, आणि आमच्या नशिबानं जूनमध्येच येईल, बियाणं-खतं उधारीवर असताना, सोसायटीच्या कर्जाची फाईल फिरत असताना. आमच्याकडं पैसा दिसतो तो सोयाबीन निघाल्यावर, कापसाची पहिली वेचणी विकल्यावर. आमचं वर्ष दिवाळीला फिरतं आणि सरकारचं मार्चला. या दोन वर्षांचा मेळ अजून कुठल्याच कराला घालता आलेला नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये टोलचे नियम बदलले. उपग्रहावर चालणारं यंत्र बसवलेल्या गाडीला राष्ट्रीय महामार्गावर रोज एका दिशेला वीस किलोमीटरपर्यंत माफ. तो नियम महामार्गाचा, आमच्या रस्त्याला टोलच नाही, दुचाकीला तर कुठल्याच राष्ट्रीय महामार्गावर नाही. तरी आकडा वाचून बरं वाटलं. तालुका अठरा आहे.

मागच्या महिन्यात गाडी क्लच प्लेटसाठी तालुक्याला मिस्त्रीकडं टाकली होती. घ्यायला गेलो तर म्हटलं, केबलही टाकून दे. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी गाडी विकायला काढली. खरंच, मीटर चालू करतात ते विकतानाच, आणि तेव्हाही आकडा मागं फिरवून घ्यायला. केबल टाकताना म्हणाला, "सहा वर्साचे किलोमीटर कुठं गेले मनून कोनी इचारलं तं काय सांगसान?"

म्हटलं, "पेट्रोलवाल्यानं ते केव्हाचेच वसूल केले."

निघालो. काटा थरथरत तीसवर गेला, चाळीसवर गेला. सहा वर्षांनी आकडे हलताना पाहिले आणि अर्धा रस्ता माझं लक्ष समोर कमी, मीटरवरच जास्त होतं. फाटा आला, वळलो, रपटा आला. मीटरवर ३८,४२६ होते. खड्ड्यात पाणी साचलेलं, खोली दिसत नव्हती. केबल नवी होती, दीडशे रुपये नुकतेच दिले होते. गाडी बंद केली, खाली उतरलो आणि कडेकडेनं हळूच ढकलत पलीकडं नेली. पलीकडं जाऊन पाहिलं तर शेवटचा तो दशांशाचा पांढरा आकडा एका घरानं पुढं सरकलेला.